दोन नंबरचा टॉवेल

अक्कलकोट रोडला, तापलेल्या पत्र्याखाली
दिवसाला साडेचारशे टॉवेल माझ्या हातावरून जातात.
उजेडापुढं धरायचा, उलटायचा, काठ चाचपायचा.
धागा तुटलेला, रंग सांडलेला, फासा सुटलेला दिसला
की कोपऱ्यावर लाल मार्करनं फुली.
दोन नंबर.
फुली मारताना मला दर वेळी जरा बरं वाटतं,
हे पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.

प्रभू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला, पाय धुवायला बसला,
हे मी रविवार शाळेपासून ऐकत आले.
आमच्याकडं रुमाल म्हणजे खिशातला,
म्हणून मनात मी टॉवेलच म्हणते,
आणि तो किती ग्रॅमचा असेल,
काठ दुमडलेला की नुसता कापलेला,
असले विचार प्रभुभोजनाच्या रांगेतसुद्धा येतात.
देवा, क्षमा कर. नोकरी आहे.

शेजारच्या बालामणी चिप्पाशी
अकरा महिने बोलणं नव्हतं.
कारण मोटर.
पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही करंगळीएवढं,
आणि ती नळाला मोटर लावून अख्खी गल्ली ओढून घेते.
मी बोलले. तीही बोलली, तेलुगूत.
मला तेलुगू कळतं हे ती विसरली होती.
तेव्हापासून माझ्या रात्रीच्या प्रार्थनेत
घरचे, मंडळीतले आजारी, कारखान्याचे मालक,
सरकारसुद्धा.
तिचं नाव राहून गेलं म्हणायचे मी.
राहिलं नव्हतं. मी गाळलं होतं.

शनिवारी रात्री पावणेतीनला
कोपऱ्यावरचा पोरगा ओरडला, "पाणी आलालंय बे!"
बॅरल भरलं, घागरी भरल्या, दोन्ही बादल्या,
कुकरसुद्धा.
मग ध्यानात आलं, मोटरीचा आवाज नाही.
तिच्या दारात अंधार, तंबाखूचा वास तेवढा.
न्हाणीत घसरून पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय,
लेक पुण्याला,
हे मला माहीत होतं.
बुधवारपासून माहीत होतं.

कसली वाणी ऐकू आली नाही.
हातातला पाइप गुरगुरत होता, इतकंच.
चारला पाणी जातं.
भिंतीवरून पाइप टाकला, पोचेना.
दुसरा जोडला, तर सांधा गळायला लागला.
तेव्हा घरातला फुलीचा टॉवेल आणला,
दिवाळीला मालकांनी दिलेला,
आणि सांध्याला गच्च गुंडाळून गाठ मारली.
"लाव आता मोटर, लाव," दात खाऊन म्हणाले.
त्या रात्री दुसरी प्रार्थना झाली नाही.

बॅरल गळ्यापर्यंत आलं, तशी आतून खोकल्याची उबळ.
"कोण?"
"पाणी," मी म्हणाले.
बराच वेळ काही नाही.
मग, "मोरीजवळ घागर पण आहे."

सकाळी उपासनेत मी झोपले.
सत्यशीलाताईंनी कोपरानं ढोसलं दोनदा.
वचन कुठलं होतं, विचारू नका.
दानाच्या पिशवीत वीसऐवजी दहाच टाकले,
पाय ओढेनात म्हणून रिक्षा केली होती.

परतले तर ती उंबऱ्यात,
प्लास्टरचा पाय गल्लीत पसरलेला, मांडीवर सूप.
बोलली नाही. मीही नाही.
हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात तिला.
फक्त पाय दोन्ही हातांनी उचलून
जरा आत घेतला,
मला जाण्यापुरता.

काल रात्री तिचं नाव घेतलं.
सरकारच्या नंतर, पण घेतलं.

टॉवेल मात्र अजून तिच्याकडंच आहे.
दिलेलं परत मागू नये, पाठ आहे मला.
तरी कामावर निघताना दोरीकडं नजर जाते.
ऊन मागून येतं,
सुटलेला फासा इथूनही दिसतो,
आणि कोपऱ्यात ती फुली,
तिनं घासून घासून धुतलीय, गेली नाही.

उद्या पाणी आहे.